नाव घ्या, मग टाळ्या वाजवा

मानवंदनेला दोन गोष्टी लागतात, नाव आणि हिशोब. ज्याचं काम त्याचं नाव घ्यायचं आणि ज्याचं देणं त्याला ते पोचवायचं. या दोन्ही गोष्टी नसतील तर हार, दिवे आणि टाळ्या यांना मी करमणूक म्हणेन. मानवंदना म्हणणार नाही.

हे लिहिण्याचं कारण एक जलसा. मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे फिलाडेल्फियाला गेले होते. तिथे तिने आणि जावयांनी मला रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतल्या कलावंतांना मानवंदना देणाऱ्या कार्यक्रमाला नेलं. मैत्रिणींनो, "तो धिंगाणा आपल्याला काय करायचाय?" म्हणून पान उलटू नका. या गाण्याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आणि त्यांच्या चर्चमधल्या टाळ्यांच्या ठेक्यात आहे. त्या चर्चमध्ये बायका मोठ्याने गात होत्या.

कार्यक्रम सुरेख झाला, ते नाकारत नाही. अडीच तास एल्विस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड, बडी हॉली आणि जेरी ली लुईस यांची गाणी झाली. निवेदकाने प्रत्येकाचं गाव सांगितलं, किस्से सांगितले. स्टेजवर बायका तीन, त्याही मागच्या रांगेत, कोरसला. गेलेल्या एकाही गायिकेचं नाव अडीच तासांत निघालं नाही. 'हाउंड डॉग' सुरू झालं तेव्हा ते एल्विसचं अजरामर गाणं म्हणून सांगितलं गेलं, आणि माझं डोकं फिरलं.

ते गाणं लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या तरुणांनी लिहिलं विली मे थॉर्नटनसाठी. लोक तिला बिग मामा म्हणत. तिने ते १९५२ च्या ऑगस्टमध्ये गायलं आणि १९५३ साली ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या नंबरावर होतं. एल्विसने गायलं १९५६ मध्ये. या गाण्याचे आपल्याला एकदाच पाचशे डॉलर मिळाले, असं ती सांगत असे.

लाव्हर्न बेकरची गोष्ट आणखी उघड. तिचं 'ट्वीडल डी' बाजारात येऊन चालू लागलं, तेवढ्यात जॉर्जिया गिब्स या गोऱ्या गायिकेने ते तसंच्या तसं गायलं आणि खपात पुढे गेली. कायद्याने पैसे लिहिणाऱ्याला होते. गाण्याला दिलेला ठेका, आवाजाची वळणं यांना कुणी मालक नव्हता. बेकर रडत बसली नाही. १९५५ साली तिने खासदार चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायदा बदलण्याची मागणी केली.

आणि रूथ ब्राउन! अटलांटिक कंपनीला लोक 'रूथने बांधलेलं घर' म्हणायचे, इतकं तिच्या गाण्यांनी त्या कंपनीला उभं केलं. पुढे त्याच बाईने मुलं वाढवण्यासाठी लोकांच्या घरची कामं केली, शाळेची बस चालवली. मानधनाचा हिशोब मागितला तर उलट तिच्याच नावावर खर्च निघाला. ती वर्षानुवर्षं भांडली. अखेर १९८८ साली कंपनीला तडजोड करावी लागली, आणि तिच्याबरोबर इतर जुन्या कलावंतांचंही भलं झालं.

पण जिच्यावाचून हा जलसा लटका ठरतो ती सिस्टर रोझेटा थार्प. तिची आई चर्चमध्ये प्रवचन करायची, मँडोलिन वाजवायची. पोरगी लहानपणापासून गिटार घेऊन देवाची गाणी म्हणायची. १९३८ साली ती न्यूयॉर्कच्या नाइट क्लबात गायली, तर देवाचं गाणं दारूच्या अड्ड्यावर नेलं म्हणून चर्चची माणसं चिडली. (हे ऐकून आपल्याकडची कुठली वाक्यं आठवतात, ते मी सांगायला नको.) तिने १९४४ मध्ये रेकॉर्ड केलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाला पोचलं. तेव्हा एल्विस दहा वर्षांचा होता. लिटल रिचर्डला पोरवयात पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर उभं केलं तेही हिनेच.

"आई, लोक ओळखीची गाणी ऐकायला पैसे मोजतात," जावई म्हणाले. "ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांची नावं घेऊन काय होणार?" जावई शहाणे आहेत, पण हा युक्तिवाद गोल फिरतो. नाव घेत नाहीत म्हणून ओळख नाही, आणि ओळख नाही म्हणून नाव घेत नाहीत! रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६ साली पहिले दहा गायक-वादक निवडले, ते सगळे पुरुष. थार्पचा नंबर लागला २०१८ मध्ये, थॉर्नटनचा २०२४ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर चाळीस वर्षांनी.

दुसऱ्याचं गाणं गाणं हा गुन्हा आहे, असं मी म्हणत नाही. गाणं तोंडातोंडी फिरतं, म्हणून तर ते जगतं. आपल्या ओव्या अशाच आल्या. एल्विसने गायलं, छान गायलं. पण सत्तर वर्षांनंतर, सगळं छापून आलेलं असताना, हातात माईक घेतलेल्या माणसाला दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं? "हे आधी बिग मामा थॉर्नटनने गायलं होतं." एवढं म्हणायला दहा सेकंदही लागत नाहीत.

आणि मानवंदना कशी द्यावी याचा धडा त्याच शहरात होता. रोझेटा १९७३ साली फिलाडेल्फियात वारली आणि तिच्या कबरीवर कितीतरी वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००८ साली काही लोकांनी तिच्यासाठी जलसा केला, त्यातून पैसा जमवला आणि कबरीवर तिचं नाव लागलं. तिथे नावही होतं आणि देणंही फिटलं.

आता जरा आपल्याकडे बघा. बस्तीतल्या कार्यक्रमाला पाळणा रचते एक काकू, चाल लावते दुसरी. पुस्तिका छापून येते तेव्हा वर देणगीदाराचा फोटो, आणि खाली 'महिला मंडळ' एवढे दोन शब्द. मंडळ गाणी रचत नाही हो, बाई रचते. तिचं नाव घालायला सांगितलं की "कशाला मोठेपणा?" म्हणून आपणच एकमेकींना गप्प करतो. देणगीदाराचा फोटो छापताना हा विनय कुठे जातो?

तेव्हा पुढची पुस्तिका छापायला जाण्याआधी वही काढा. कुठलं गाणं कुणी रचलं, चाल कुणाची, ते म्हाताऱ्या बायकांना त्या आहेत तोवर विचारून लिहा आणि छापणाऱ्याच्या हातात द्या. तो म्हणाला जागा नाही, तर सांगा, फोटो लहान कर.