'देअरफोर' लिहिण्यापूर्वी



परीक्षा जवळ आली की माझ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांत 'देअरफोर', 'हेन्स', 'दस', 'कॉन्सिक्वेंटली' या शब्दांचा पाऊस पडू लागतो. दोष मुलांचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे. आम्हीच फळ्यावर या शब्दांची यादी लिहितो आणि सांगतो, "हे वापरा, निबंध वजनदार होईल." माझे मत असे की ही यादी पुसून टाकावी आणि आधी कारण व परिणाम यांचे नाते शिकवावे.

पहिली अडचण आपल्या इतर भाषांमुळे येते. मराठीत 'म्हणून' हे उभयान्वयी अव्यय आहे. ते दोन वाक्ये जोडते. शाळेत शिकलेला फ्रेंच 'दोंक' हाही तसाच. इंग्रजीत हे काम 'सो' करतो. 'देअरफोर' मात्र क्रियाविशेषण आहे. दोन वाक्ये जोडण्याचे बळ त्याच्यात नाही. 'इट रेन्ड' लिहून स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे 'देअरफोर द मॅच वॉज कॅन्सल्ड' लिहायचे, ही औपचारिक लेखनात चूक ठरते. तिथे अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा, नाहीतर 'देअरफोर'च्या आधी 'अँड' हवा.

दुसरी गोष्ट, हे सगळे शब्द सारखे नाहीत. 'देअरफोर' विचार करून काढलेला निष्कर्ष सांगतो. 'कॉन्सिक्वेंटली' आणि 'ॲज अ रिझल्ट' हे घडलेल्या परिणामाला शोभतात : वादळ आले, परिणामी ऊस आडवा झाला. 'हेन्स'च्या पुढे नुसते नामही चालते, जसे 'हेन्स द डिले'. 'दस'चा अर्थ 'अशा रीतीने' असाही होतो. 'सो' बोलताना छान वाटतो, पण सरकारी अर्जात वाक्याच्या आरंभी तो सैल दिसतो.

हे सारे नियम महिनाभरात शिकवता येतात. खरी काळजी पुढची आहे. एका मुलीने लिहिले होते : माझी आजी घरी मराठी बोलते; देअरफोर, ती अडाणी आहे. अर्धविराम जागेवर, स्वल्पविराम जागेवर! लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. व्याकरणात खूण करायला जागाच नव्हती, पण पहिल्या वाक्यातून दुसरे निघतच नव्हते.

हा 'देअरफोर' ती कुठे शिकली? आपल्याच घरांत. "मुलाला इंग्रजीत चांगले गुण हवेत, म्हणून मराठीचा तास सोडू या," असे आपण किती सहज म्हणतो! या 'म्हणून'ला आधार काय, हे कोणी विचारत नाही. माझा अनुभव उलटा आहे. जे मूल आजीला "असे का झाले" हे नीट समजावून सांगू शकते, तेच इंग्रजी निबंधातही कारण नीट मांडते. विचार जुळवण्याची सवय एका भाषेत लागली की दुसरीत उपयोगी पडते.

तेव्हा पालकांना एकच विनंती. मूल 'म्हणून' म्हणाले की त्याला प्रेमाने विचारा, "ते कसे?" मराठीत विचारा, क्रिओलमध्ये विचारा, जमेल त्या भाषेत विचारा. उत्तर देता आले, तर पुढे 'देअरफोर' लिहिण्याचा त्याला हक्क आहे. आणि उत्तर देता आले नाही, तर तो शब्द खोडण्याचे धैर्यही त्याला शिकवा.