माजघरांतून : मनीचें पथ्य

मांजर पाळावें लागत नाहीं. तें आपण होऊनच घरांत राहावयास येतें. आमची मनी अशीच चार वर्षांपूर्वीं आश्विनांतल्या एका पावसाळी संध्याकाळीं मागच्या पडवींत आली आणि राहिली. तेव्हांपासून ती धाकट्या जाऊबाईंच्या मुलांची सोबतीण, सासूबाईंच्या जपाच्या वेळची शेजारीण आणि माझ्या दुभत्याच्या कपाटाची वैरीण होऊन बसली आहे. तिच्या जेवणाची व्यवस्था आमच्यासारख्या घरांतून असते तीच होती : सकाळीं दूधभात, दुपारीं कोणाच्या तरी पानाशेजारचा दहींभात, आणि बाकीचें तिनें माळ्यावर व अंगणांत स्वतःच्या हिमतीवर मिळवावें. हा उंदरांचा भाग आपण हिशेबांत कधीं धरीत नाहीं. परंतु तिचा प्राण बव्हंशीं त्याच भागावर चाललेला असतो, ही गोष्ट मला गेल्या महिन्यांत कळली. ती कशी कळली तें या वेळीं सांगावयाचें आहे. कारण ज्या घरांत मांजर आहे, त्या घरावर असा प्रसंग आज ना उद्यां यावयाचाच.

एका सोमवारीं सकाळीं मनीला जुलाब होऊं लागले. एकदोनदां ओकारीही झाली. घरांत कोणाचें पोट बिघडलें म्हणजे जो उपाय होतो, तोच सासूबाईंनीं सांगितला : "सूनबाई, आज तिला कांहीं घालूं नकोस. लंघनासारखें औषध नाहीं." माणसांच्या बाबतींत हा उपाय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेला, तेव्हां त्या दिवशीं मनीची ताटली उपडीच राहिली. मंगळवारीं मला दया आली व मीं तिच्यापुढें कोमट दूध ठेविलें. तें तिनें चाटून पुसून प्यालें, आणि जुलाब अधिकच वाढले. बुधवारीं मऊ भात ताकांत कालवून दिला, पण त्याला तिनें तोंडही लाविलें नाहीं. संध्याकाळीं ती कोठीच्या खोलींत तांदळाच्या पिंपामागें जाऊन बसली. मुलांनीं हांका मारल्या तरी तिचा कान हलेना. तेव्हां भाऊजींनीं तिला झांकणाच्या टोपलींत घातलें आणि आम्ही दोघें तिला घेऊन पशुवैद्यांकडे गेलों.

तेथील डॉक्टरीणबाईंनीं पहिला प्रश्न केला तो जुलाबांचा नव्हे. त्यांनीं विचारलें, "हिनें पोटभर शेवटचें केव्हां खाल्लें?" मीं सांगितलें, "रविवारीं रात्रीं. मग लंघन दिलें आहे." त्या रागावल्या नाहींत. मनीच्या मानेमागची कातडी चिमटींत धरून त्यांनीं सोडली. ती लगेच जागेवर न बसतां क्षणभर उभीच राहिली. अंगांतलें पाणी कमी झाल्याची ती खूण. कातडीखालून सलाईन देतां देतां त्यांनीं जें समजावून सांगितलें, तें प्रत्येक मांजरवाल्या घरांतील बाईनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

माणूस एक-दोन दिवस उपाशी राहिला तर त्याच्या अंगची चरबी त्याला पुरते. मांजराचें तसें नाहीं. त्याच्या पोटांत अन्न गेलें नाहीं म्हणजे अंगची चरबी यकृताकडे धांवते, आणि मांजराच्या यकृताला ती निपटतां येत नाहीं. ती तेथेंच सांचूं लागते. दोन-चार दिवसांच्या उपासानें, विशेषतः मांजर गुबगुबीत असल्यास, यकृत बिघडून कावीळ होते, आणि मग मूळचे जुलाब बाजूला राहून हें दुसरेंच दुखणें जिवावर बेततें. म्हणून मोठ्या मांजरानें सबंध एक दिवस कांहीं खाल्लें नाहीं तर वाट पाहूं नये. लहान पिलाला तर उपास मुळींच घडूं देऊं नये. ओकाऱ्या चालू असल्यास मोठ्या मांजराला चार-सहा तास पोटाला विसांवा द्यावा, इतकेंच काय तें त्याचें लंघन. पाणी मात्र केव्हांही तोडूं नये.

दुधाविषयीं त्यांनीं सांगितलें तें ऐकून मला आपलीच लाज वाटली. मांजर डोळे मिटून दूध पितें, ही म्हण आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, दूध हेंच त्याचें अन्न असें आपण धरून चालतों. वास्तविक दुधांतली साखर पचविणारा रस पिलाच्या पोटांत असतो. आईचें दूध तुटल्यावर तो कमी कमी होत जातो. मोठें मांजर दूध आवडीनें पितें, पण तें पचेलच असें नाहीं. न पचलेली साखर आंतड्यांत पाणी ओढून घेते व आंबते, आणि जुलाब होतात. पोट बिघडलेल्या मांजराला दूध देणें म्हणजे विझत्या शेगडींत पुन्हां कोळसे घालण्यासारखें आहे.

मग द्यावें काय? येथें आमच्यासारख्या घराची खरी अडचण सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनीं पथ्य सांगितलें तें उकडलेल्या कोंबडीचें. आमच्या घरांत अंडेंही कधीं आलेलें नाहीं. मांजर जन्मतःच मांसाहारी आहे. कांहीं पोषक द्रव्यें त्याला मांसांतूनच मिळतात, धान्यांतून वा भाजींतून मिळत नाहींत. त्यांपैकीं टॉरीन नांवाचें एक द्रव्य अन्नांत कमी पडलें तर मांजराचें हृदय पसरट व दुबळें होतें, हें १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील पशुवैद्यांनीं दाखवून दिलें. डोळ्यांच्या पडद्याला त्याच्या अभावानें इजा होते, हें त्याच्या बारा वर्षें आधींच कळलें होतें. म्हणजे आमचा दूधभात हा मनीचा आहार नव्हताच; माळ्यावरचे उंदीर आमची चूक झांकीत होते.

घरीं येऊन मीं हें सारें सासूबाईंच्या कानांवर घातलें. भीत भीतच घातलें. त्या थोडा वेळ माळ ओढीत स्वस्थ बसल्या व मग म्हणाल्या, "व्रत आपण घेतलें आहे, तिनें घेतलेलें नाहीं. आपलें व्रत तिच्या पोटावर चालवूं नये. स्वयंपाकघरांत मात्र नको हो." इतका सरळ निवाडा मला सुचला नसता. मागच्या पडवींत जुनी विजेची शेगडी मांडली. एक पातेलें, एक सुरी व एक ताटली निराळी काढली, आणि शिजविण्याचें काम भाऊजींनीं आपल्याकडे घेतलें. ज्या घरांत एवढेंही शक्य नसेल, त्यांनीं अवघडून जाण्याचें कारण नाहीं. मांजरांसाठीं तयार केलेलें ओलें अन्न डब्यांतून व पाकिटांतून विकत मिळतें. पोटाच्या विकारावरचें खास पथ्याचें अन्नही पशुवैद्यांकडे मिळतें. तें नुसतें फोडून ताटलींत काढावयाचें असतें. शिजविणें नाहीं कीं चिरणें नाहीं.

घरीं करावयाचें असल्यास रीत अशी. कोंबडीच्या छातीचा भाग कातडें व हाड काढून नुसत्या पाण्यांत पूर्ण शिजवावा. मीठ, हळद, हिंग, तेल, तूप यांपैकीं कांहींही घालूं नये. कांदा व लसूण तर औषधालाही नको. कच्चे असोत वा शिजविलेले, ते मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. मांसाचे बारीक धागे करून त्यांत चौथ्या हिश्शाएवढा अगदीं मऊ भात मिसळावा. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाकाठीं असें शंभर-सव्वाशें ग्रॅम मांस पुरतें. पहिल्या दिवशीं त्याच्या निम्मेंच द्यावें. तेंही एकदम नव्हे, तर पांच-सहा वेळां, दर खेपेस एक-दोन चमचे. मांजर चवीपेक्षां वासावर जेवतें, म्हणून अन्न किंचित् कोमट करून ठेवावें. मांस शिजविलेलें पाणी थंड करून, वर जमलेली चरबी काढून, वाटींत ठेवावें. साधें पाणी न पिणारें मांजर तें पितें. जुलाब थांबूं लागले म्हणजे रोजचें अन्न थोडें थोडें मिसळीत पांच-सात दिवसांत मूळ वळणावर यावें. हें पथ्य तीन-चार दिवसांचेंच आहे. त्यांत टॉरीन, चुना वगैरे पुरेसे नसल्यानें तें महिनोन्‌महिने चालवूं नये.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांना व उत्साही मुलांना सांगून ठेवण्याच्या दोन गोष्टी. पहिली, आपल्या औषधांच्या डब्यांतील गोळी मांजराला कधींही देऊं नये. तापावर आपण जी पॅरासिटामोलची गोळी सहज घेतों, तिच्यांतलें विष उतरविण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत नसते. एक गोळीही त्याचा जीव घेऊं शकते. जुलाब बांधण्याची माणसांची गोळीही वैद्यांना विचारल्यावांचून देऊं नये. दुसरी, गजऱ्याचा दोरा, वातीचें सूत किंवा पतंगाचा मांजा मांजरें गिळतात. तोंडांतून वा मागून त्याचें टोंक दिसलें तर तें ओढूं नये. आंत आंतडीं कापलीं जातात. तसेंच टोपलीसह दवाखान्यांत न्यावें.

दवाखान्याची वाट केव्हां धरावी, हेंही ध्यानांत असावें. जुलाबांत रक्त पडत असेल किंवा ते डांबरासारखे काळे असतील, ओकाऱ्या थांबत नसतील, हिरड्या कोरड्या व चिकट लागत असतील, मांजर कोपऱ्यांत लपून बसलें असेल, अथवा चांगलें असूनही जुलाब दोन दिवसांत आटोक्यांत येत नसतील, तर थांबूं नये. लस न टोंचलेल्या पिलाला ओकाऱ्या व जुलाब एकदमच सुरू झाले तर तासांचाही विलंब नको. मांजरांचा एक सांथीचा रोग पिलांना फार थोड्या वेळांत नेतो. आणि बोका पुनःपुन्हां कुंथतांना दिसला तर त्याला मलावरोध झाला असें समजून एरंडेल पाजूं नये. बहुधा त्याची लघवी अडलेली असते व तें एका दिवसांत प्राणघातक होऊं शकतें. घरांत कोणी गर्भवती असेल तर मांजराची घाण तिनें काढूं नये. इतरांनीं ती रोजच्या रोज काढावी, कारण त्या घाणींतून पसरणारा एक रोगजंतु बाहेर पडल्यावर एखादा दिवस गेला म्हणजे बाधक होतो.

मनी चौथ्या दिवशीं पिंपामागून बाहेर आली. भाऊजींच्या हातून दोन घांस खाऊन तिनें तोंड पुसलें, तेव्हां मुलांनीं घर डोक्यावर घेतलें. आतां तिचें अन्न पडवींत निराळें असतें. दूध बंद केलें आहे, आणि जंतांचें औषध डॉक्टरीणबाईंनीं सांगितल्या वेळीं दिलें जातें. सासूबाई रात्रीं पानावर बसण्यापूर्वीं मला विचारतात, "मनीची ताटली पाहिलीस का? रिकामी आहे ना?" मला वाटतें, मांजराच्या दुखण्याची पहिली वर्दी त्या ताटलीवरूनच मिळते. ज्या घरीं मांजर असेल तेथें ती रोज कोणीतरी एकानें नेमानें पाहावी. मोठ्या कुटुंबांत 'दुसऱ्या कोणीं घातलें असेल' असें प्रत्येकाला वाटतें. आमच्या घरांतही त्या तीन दिवसांत तसेंच घडलें होतें.