दरारा आणि प्रभाव

इतिहासातील सर्वांत प्रभावी पुरुष कोण, असे विचारताच आमचे सुशिक्षित बंधू शिकंदर-नेपोलियनांची नावे घेतात. ही दरारा व प्रभाव यांची गल्लत होय. नेपोलियनचा कायदा टिकला खरा. साम्राज्य मात्र १८१५ सालीच बुडाले. उलट जेन्नर या खेड्यातील डॉक्टराने १७९६ साली आरंभिलेली देवीची टोचणी १८०२ साली मुंबईस पोचली, आणि तिच्याच बळावर १९८० साली तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. कोणी म्हणेल, जेस्टी नामक शेतकऱ्याने १७७४ सालीच हा प्रयोग केला होता. केला होता, परंतु त्याने आपले घर राखले, जेन्नरने तो पडताळून, छापून जगाच्या हाती दिला. प्रभाव म्हणतात तो हाच. मग मुलांकडून पाठ करविण्याच्या सनावळीत लढायांशेजारी १७९६ हे साल का नसावे?