अर्धं, पण कशाचं?

गेल्या नाताळाच्या आधी मावशी गोव्याहून आमच्याकडे बेळगावला आली, ती नेवऱ्या करायला नाही. तिचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. वकिलांनी सांगितलं होतं, "तुम्हा दोघांच्या नावावर जे जे आहे, त्याची यादी करून आणा." मराठी-इंग्रजी दोन्ही भरभर लिहिणारी घरात मीच, म्हणून वही माझ्या हातात आली. पहिलं पान अर्धं भरलं आणि मावशी थांबली. सव्वीस वर्षांचा संसार. भिशीचा हप्ता, दूधवाल्याची बाकी, कुणाच्या लग्नात किती आहेर केला, सगळं तिला तोंडपाठ. पण काकांची खाती कुठल्या बँकांत आहेत, हे तिला माहीत नव्हतं.

मित्रमैत्रिणींनो, गोव्यातला कायदा बायकोला किती चांगला, हे आपण नेहमी ऐकतो. ते खरंही आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या त्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा वाटा असतो. घर किंवा जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. घाट चढून बेळगावला आलं की हे संपतं. इथे पत्नीला पोटगी मागता येते, स्त्रीधन मागता येतं, पण संसारात उभ्या राहिलेल्या सगळ्या मालमत्तेचा अर्धा वाटा असा आपोआप मिळत नाही. म्हणून आम्हाला वाटायचं, मावशीचं बरं आहे, तिला अर्धं मिळणार.

पण अर्धं कशाचं? जे यादीत आहे त्याचं. यादीत नाही त्याचं अर्धं म्हणजे शून्य.

मी विचारलं, "कधी कुठे सही केली होतीस?" आठ-नऊ वर्षांपूर्वी काका तिला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात घेऊन गेले होते. "कागद आहे, सही कर." तिने केली. नंतर हॉटेलात मासे खाल्ले, ते तिला नीट आठवतं. आता कळलं की एक प्लॉट काकांच्या भावाच्या नावावर गेला, तो त्याच दिवशी. कायद्याने जी सही तिच्या रक्षणासाठी ठेवली, तीच तिच्याकडून काढून घेतली गेली. कुणी हात पिरगाळला नाही. तिने विचारलं नाही, एवढंच.

मग आम्ही घरातल्या खुणा शोधायला लागलो. आमचं खातंच नाही अशा बँकेचं कॅलेंडर दरवर्षी स्वयंपाकघरात का लागायचं? विमा एजंट नव्या वर्षाची डायरी कुणासाठी आणायचा? सगळ्यात मोठी खूण मात्र मावशीच्याच नावावर निघाली. गोव्यातल्या अशा जोडप्यांना प्राप्तिकर कायद्यातली वेगळी तरतूद लागू होते. पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं दाखवावं लागतं. त्यामुळे मावशीचंही विवरणपत्र दरवर्षी भरलं जायचं. मोबाइलवर ओटीपी यायचा, ती काकांना सांगायची, विषय संपला. तिच्या पॅन नंबरने आम्ही ते उघडलं, तर त्यात एका फ्लॅटच्या भाड्याचा अर्धा हिस्सा. तो फ्लॅट तिने आजवर पाहिलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करायची. दोन्ही, म्हणजे बायकोनेसुद्धा. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. निकाल मोलाचाच आहे. पण समोरच्याचं प्रतिज्ञापत्र खोटं आहे हे दाखवायला हातात काहीतरी धागा लागतो. बँकेचं नाव, सर्व्हे नंबर, एखादी जुनी पावती. धागा असेल तर वकील कोर्टाकडून कागद मागवू शकतात. नुसतं "त्यांच्याकडे खूप आहे" म्हणून चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मालमत्ता घटस्फोटाच्या वेळी लपवली जाते असं आपण समजतो, पण ती लपायला सुरुवात झालेली असते लग्न सुरळीत चालू असताना. "तुला काय कळतंय त्यातलं" या वाक्यापासून.

कुणी म्हणेल, संशयाने संसार होत नाही. मान्य. पण कागद बघणं म्हणजे संशय नव्हे. आपण कॅथलिक वेदीसमोर सुखदुःखात साथ द्यायचं वचन देतो. त्या सुखदुःखात कर्ज आणि ठेवी येत नाहीत का? माझी चुलतबहीण लग्नाआधीच्या मार्गदर्शन शिबिराला जाऊन आली. प्रार्थना, संवाद, मुलांचं संगोपन, सगळं झालं. पासबुकाचा विषय निघाला नाही. अशा शिबिरात एक तास त्यासाठी ठेवावा, आणि गोव्यात लग्नाच्या नोंदणीला जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सही करण्याआधी कुणीतरी समजावून सांगावं की या सहीने काय-काय एकत्र होतं.

मावशीचा दावा अजून चालू आहे. यादी तेवीस ओळींची झाली आहे. निघताना बसस्टँडवर तिने मला विचारलं, "तुझ्या स्कॉलरशिपचं खातं कुठल्या बँकेत गं? पासबुक कुणाकडे असतं?"

मी म्हटलं, "पप्पांकडे."

ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मी पासबुक मागून घेतलं.