कूथुपरंबा ते मदुराई

एप्रिल 2025मध्ये मदुराईच्या 24व्या अधिवेशनात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने एम. ए. बेबी यांना सरचिटणीस निवडले. सीताराम येचुरी गेल्यानंतर रिकामी असलेली जागा भरली, पण जुना पेच कायम आहे. 1994 साली केरळातल्या कूथुपरंबा इथे शिक्षणाच्या खासगीकरणाविरुद्ध उतरलेल्या पक्षाच्या पाच तरुणांचा पोलिसांच्या गोळीबारात बळी गेला. मार्च 2025मध्ये, अधिवेशनाच्या तोंडावर, केरळच्याच डाव्या सरकारने खासगी विद्यापीठांचे विधेयक संमत केले. राज्य चालवताना अशा तडजोडी कराव्या लागतात, हे आम्हालाही पटते. मात्र ज्यांनी घरचे माणूस गमावले, त्यांना ही तडजोड समजावून सांगण्याची जबाबदारी नेतृत्वाची आहे, आणि ती टाळता येणार नाही.

महाराष्ट्रालाही तडजोडीचा हा प्रश्न परका नाही. 2018मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेला शेतकऱ्यांचा लाल मोर्चा आपण पाहिला. विधानसभेत मात्र पक्षाकडे आज डहाणूची एकच जागा आहे. म्हणून या अंकात आम्ही पॉलिट ब्युरोपेक्षा तालुक्यातल्या कार्यकर्त्याकडे अधिक लक्ष दिले आहे. आघाडीत जागा मागताना तो काय सोडतो, काय राखतो? तुमच्या गावातला अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा, मतभेद असतील तर आधी ते कळवा.