घर किती पावलांवर?

गिरणगावातील कामगाराची खोली लहान होती. पण भोंगा झाला की तो पायीच पाळीवर पोहोचे. शाळा, बाजार, दवाखाना, सारेच चालत गाठण्याजोगे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मोडीत निघाल्या आणि यातील कित्येक कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे पांगली.

आजही मुंबई सोडणारे कुटुंब जागा पाहताना चौरस फूट आणि हप्ता विचारते. 'स्टेशनपासून दहा मिनिटे' हे जाहिरातीतील अंतर कोणाच्या पायांनी मोजले, हे विचारीत नाही. बहुधा ते मोटारीच्या चाकांनी मोजलेले असते. मोजायचे तर दप्तर वाहणाऱ्या मुलाच्या, गुडघे धरलेल्या आजीच्या आणि रात्री उशिराच्या लोकलने उतरणाऱ्या स्त्रीच्या पायांनी मोजावे; तेही जुलैच्या पावसात. डोंबिवलीच्या स्टेशनलगतच्या जुन्या वस्तीत भाजी, शाळा पायी गाठता येते. दूरच्या संकुलात रिक्षाभाडे हाच दुसरा हप्ता होतो.

अर्थात निवड करण्याची मुभा पैसेवाल्याला. गिरणी कामगारांनी मुंबईत घर मागितले, तेव्हा शासनाने शेलू-वांगणी दाखविली. जुलै 2025 मध्ये त्यांना त्याविरुद्ध आझाद मैदान गाठावे लागले. निर्वेध पदपथ हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बजावले. फेरीवाल्याला हुसकून त्याच जागी मोटारी उभ्या करू देणे म्हणजे पदपथ मोकळा करणे, हा अर्थ नगरपालिकांनी कोठून काढला?