खाडा नसलेली खानावळ

विद्यार्थिदशेंत आम्ही पुण्यास ज्या खानावळींत जेवत होतों, तिच्या भिंतीवर एक पाटी असे : ‘खाडा धरावयाचा असल्यास आदल्या दिवशीं सांगावें.’ महिन्याचे पैसे आगाऊ भरावयाचे, आणि न जेवलेल्या वेळांचे पैसे पुढील महिन्यांत वजा व्हावयाचे. शनिवारीं दुपारीं गांवची गाडी पकडणारे आम्ही विद्यार्थी त्या खाड्यांवर वह्या-पेन्सिलींचा खर्च भागवीत असूं. आगाऊ भरलेल्या अन्नाचा हिशेब आम्हांस तेव्हांपासून कळतो असा आमचा समज होता. आमच्या भाचीनें तो २०२४ सालीं मोडून काढला.

ही भाची अमेरिकेंत न्यू जर्सी येथें असते. तिच्या यजमानांस जाऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. पदरीं दोन मुलें : मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पांच वर्षांची. नोकरी चांगली आहे, परंतु घरांत मिळवती तीच आणि वाढतीही तीच. मुलांना ऑर्लंडोजवळचें डिस्ने वर्ल्ड दाखवावयाचें असें त्यांच्या वडिलांनीं कबूल केलें होतें, तें तिला पुरें करावयाचें होतें. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत शिक्षकांच्या संमेलनानिमित्त न्यू जर्सींतील शाळांस सुटी असते. (शिक्षकांच्या संमेलनाचा मुलांना इतका उपयोग होतो हें आम्हांस नवीनच होतें.) त्या सुटींत पांच रात्री राहावयाचें ठरलें. विमान, मुक्काम, तिकिटें सर्व झालें. अडलें तें जेवणाशीं. ‘मामा, इथें जेवणाच्या योजना दोन आहेत. कोणती घेऊं, कीं घेऊंच नको, तें हिशेब करून सांगा,’ असा तिचा निरोप आला.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत, आणि असा प्रश्न आज ना उद्यां त्यांच्याही घरीं येणार. म्हणून ही हकीकत जरा विस्तारानें सांगतों.

डिस्ने वर्ल्ड हें १९७१ सालीं उघडलें. एक उद्यान म्हणतां आतां तेथें चार मोठीं उद्यानें आहेत, आणि एकेक पाहण्यास सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस पुरत नाहीं. म्हणजे दोन्ही वेळचें जेवण बाहेरच. कंपनीच्या मालकीच्या हॉटेलांत जे उतरतात त्यांस मुक्कामाबरोबरच आगाऊ जेवण विकत घेतां येतें. ही पद्धत २००५ सालीं सुरू झाली, २०२० च्या महामारींत बंद पडली आणि जानेवारी २०२४ मध्यें पुन्हां चालू झाली. पहिल्या योजनेंत दर रात्रीमागें माणशीं दोन जेवणें खिडकीवरचीं, म्हणजे आपण मागणी नोंदवून आपणच थाळा उचलून आणावयाचीं, आणि एक किरकोळ खाणें. दुसरींत एक जेवण खिडकीवरचें, एक टेबलावर बसून वाढपी वाढील तें, आणि एक किरकोळ खाणें. दोहोंतही हॉटेलांत पुन्हां पुन्हां भरून घ्यावयाचा एक पेला मिळतो. तीन वर्षांखालील मुलास योजना लागत नाहीं, त्यानें आईच्या ताटांतलें खावें. तीन ते नऊपर्यंत मुलाचा दर. दहावें पुरें झालें कीं तो मोठा माणूस. आमच्या नातवाचा दहावा वाढदिवस डिसेंबरांत येत होता. तो नोव्हेंबरापूर्वीं येता, तर पहिल्या योजनेंत पांच रात्रींस जवळजवळ १६६ डॉलर, आणि दुसरींत ३२३ डॉलर अधिक पडले असते. संमेलनाचे उपकार येथेंही झाले.

आणि खाडा? तो नाहीं. जेवणें कोणत्या दिवशीं किती खावीं याची सक्ती नसते. परंतु मुक्काम सुटावयाच्या दिवशीं मध्यरात्रीं जें शिल्लक राहील तें बुडालें. शिवाय खोलींतील एकानें योजना घेतली कीं तीन वर्षांवरील सर्वांनीं घ्यावयाची. ‘मुलांना पुरे, मला नको’ हें चालत नाहीं. ही अट पुढें लक्षांत ठेवावी.

आतां आंकडे. २०२४ सालीं पहिल्या योजनेचा दर मोठ्यास रात्रीं ५७.०१ डॉलर व मुलास २३.८३, दुसरीचा मोठ्यास ९४.२८ व मुलास २९.६९. भाचीच्या तिघांच्या बिऱ्हाडास पांच रात्रींचे पहिलीचे ५२३.३५ आणि दुसरीचे ७६८.३० होत होते.

दुसरी योजना आम्हीं लौकरच बाजूस सारली. तिच्यांत एक गोडी आहे, ती अशी कीं, ज्या ठिकाणीं मिकी उंदीर आणि त्याचें गणगोत टेबलाशीं येऊन मुलांशीं हस्तांदोलन करतात, तेथें मुलाच्या एका ताटाचाच दर चाळीस डॉलरांच्या आसपास असतो. एकोणतीस-तिसांत तें ताट मिळून वर एक जेवण आणि खाऊही मिळतो. परंतु मोठ्यास तो फायदा तसा लागत नाहीं. राजवाड्यांतल्या सिंड्रेलेच्या पंक्तीस तर एका जेवणाला दोन जेवणें खर्चीं पडतात. वाढप्याची बक्षिशी त्या देशांत बहुधा शेंकडा १८ ते २०, ती योजनेबाहेर. आणि बसण्याच्या जागा साठ दिवस आधीं राखून ठेवाव्या लागतात. पांच वर्षांची मुलगी अमक्या दिवशीं सवापांचास भुकेली असेल हें सप्टेंबरांत कोणी सांगावें? टेबल राखलें आणि गेलें नाहीं, तर पुष्कळ ठिकाणीं माणशीं दहा डॉलर दंड. एकटीनें दोन मुलें ओढीत घड्याळाच्या मागें धांवणें ही सहल नव्हे.

राहिली पहिली. खिडकीवर मोठ्याचा पदार्थ बारा ते सोळा डॉलर, पेय साडेचारच्या सुमारास. मुलाचें जेवण पेयासुद्धां आठ-नऊ. किरकोळ खाणें पांच-सात. आणि तो पेला सबंध मुक्कामाचा बावीसच्या घरांत. या धारणेनें आम्हीं बेरीज मांडली. मोठ्याचे रोजचे साडेसत्तेचाळीस होतात, योजना घेते सत्तावन्न : साडेनऊचा तोटा. मुलाचे सत्तावीस-साडेसत्तावीस होतात, योजना घेते चोवीसहून कमी : साडेतीनचा नफा. म्हणजे ही योजना मुलांवर देते आणि मोठ्यांवर काढून घेते. दोन मुलें आणि दोन मोठीं माणसें असतीं तर पांच रात्रींत साठ डॉलर बुडाले असते. एकच मोठें माणूस असल्यामुळें ती जवळजवळ बरोबरीची, दहा-बारा डॉलर इकडे तिकडे.

हें शेवटचें वाक्य लिहून झाल्यावर आम्हीं तें खोडलें. ज्या घरांत एक माणूस कमी झालें आहे त्या घरास हिशेब बरा पडतो, हें गणितांत खरें असलें तरी पत्रांत लिहिण्याजोगें नव्हतें.

त्यांतून आमचीं माणसें शाकाहारी. शाकाहारी पदार्थ बहुधा दरपत्रकाच्या खालच्या अंगास असतात, आणि आगाऊ पैसे भरणारास स्वस्त पदार्थ घेणें हाच तोटा. पेयें नकोत, पाणी पुरे. खिडकीवर थंड पाण्याचा पेला मागितल्यास फुकट देतात. पेला आणि पेयें वगळलीं तर तिघांचा रोजचा खर्च ऐंशी डॉलर होतो. पांच रात्रींत १२३ डॉलर वांचले! बरोबर दिवाळीचा चिवडा-शंकरपाळे न्यावे. कांचेचीं भांडीं आणि मद्य वर्ज्य, परंतु घरचें खाणें उद्यानांत नेण्यास मनाई नाहीं. आम्हीं लिहिलें : योजना घेऊं नये. सवापांचशें डॉलर कंपनीच्याच भेटकार्डावर निराळे घालून ठेवावे, त्यांतून खर्चावे. उरतील ते आपले. म्हणजे खाडा आपला आपणच धरला.

हिशेब बिनचूक होता. दुसऱ्या दिवशीं तिचा दूरध्वनि आला.

‘मामा, तुमचें गणित बरोबर आहे,’ ती म्हणाली, ‘पण तुमच्या गणितांत मी जेवतें आहे.’

आम्हांस प्रथम उलगडा होईना. मग तिनें सांगितलें. दोन वर्षांत बाहेर जेवावयास जाण्याचे जे प्रसंग आले, त्यांत तिनें स्वतःसाठीं कांहीं मागवलें असें फारसें झालें नव्हतें. मुलांसाठीं मागवावें, त्यांच्या ताटांत उरेल तें आपण खावें. पैसे नसतात असें नव्हे. हात होत नाहीं. ‘तुम्हीं माझ्या नांवावर रोज चौतीस डॉलर धरलेत. त्या कार्डावरून मी चार डॉलरसुद्धां स्वतःवर खर्च करणार नाहीं. दिवसाला दहा मैल चालायचें, आणि तिसऱ्या दिवशीं मी मुलांवर खेंकसायला लागेन. योजनेंत माझें ताट सक्तीचें आहे. मला तीच सक्ती हवी आहे.’

आणि मुलगा? तो, म्हणाली, खाद्यपदार्थांचा फलक उजवीकडून वाचतो. आधीं आंकडा पाहतो, मग नांव पाहतो, आणि सर्वांत स्वस्त जें असेल तें आपणांस आवडतें असें सांगतो. त्याला कोणीं शिकविलें नाहीं. ‘पांच दिवस तरी त्यानें डावीकडून वाचावें. पैसे भरून झालेले आहेत, आतां विचारायचें नाहीं, एवढेंच मला त्याला सांगायचें आहे.’

चौतीस वर्षें आम्हीं मुलांस व्यवहारी गणित शिकविलें. ज्यांत एक संख्या मुळांतच चुकीची धरली आहे, अशा उदाहरणास आम्ही शून्य गुण देत असूं. आमच्या घरांतही आई आणि पुढें आमचें कुटुंब सर्वांच्या मागून जेवत आलीं. पातेल्यांत काय उरलें आहे तें आम्हीं उठून कधीं पाहिलें नाहीं. निदान आमच्या आईला ‘तूं बस, मी वाढतें’ म्हणणारी एक जाऊ होती. भाचीच्या घरांत तसें कोण म्हणणार?

तिनें पहिली योजना घेतली. एकट्या माणसास खिडकीवरची खरी अडचण दरांची नसून हातांची असते : रांगेंत उभें राहावें तर मुलें कोठें ठेवावीं, आणि तीन थाळे दोन हातांत कसे आणावे? यावर तोडगा असा निघाला कीं, फिरत्या दूरध्वनीवरून मागणी आधीं नोंदवितां येते. मुलांना खिडकीच्या नजरेंतल्या बांकावर बसवावें, ‘तयार आहे’ असा निरोप आला कीं मुलाकडे पाण्याचे पेले द्यावे आणि थाळे आपण उचलावे. एक संध्याकाळ मात्र तिनें योजनेबाहेर ठेविली. ॲनिमल किंगडम लॉज म्हणून जें हॉटेल आहे त्यांत ‘सना’ नांवाचें उपाहारगृह आहे. तेथें आफ्रिकेच्या आणि आपल्या इकडच्या पद्धतीचें अन्न मिळतें, नान आणि नाना चटण्या मिळतात, आणि खिडकीबाहेर जिराफ व झेब्रे हिंडत असतात. तेथें वाढप्यानें वाढलें, हिनें बसून खाल्लें, आणि बक्षिशी रोख दिली. मुलगी जिराफाला नान दाखवीत होती म्हणे.

एक गोष्ट नव्या जाणारांसाठीं. दर सालाबरहुकूम बदलतात, तेव्हां वरचे आंकडे २०२४ चे समजावे. २०२६ सालच्या मुक्कामांसाठीं, मोठ्यांनीं योजना घेतल्यास तीन ते नऊ वर्षांच्या मुलांस ती विनामूल्य देण्याची सवलत जाहीर झालेली आहे. तशा वेळीं दोन लहान मुलांच्या एकट्या आईबापानें आमच्यासारख्या मास्तरास विचारीत बसूं नये, अटी नीट वाचून योजना घ्यावी. ज्यांचीं मुलें दहाच्या वर आहेत आणि जे खाण्यास चिमणीच्या चोंचीचे आहेत, त्यांस आमचा भेटकार्डाचा सल्ला अजूनही लागू पडेल, फक्त आपण स्वतः जेवतों कीं नाहीं हें त्यांनीं प्रामाणिकपणें तपासावें.

निघण्याच्या रात्रीं त्यांच्यापाशीं चार किरकोळ खाणीं शिल्लक होतीं. मध्यरात्रीं तीं बुडावयाचीं. तिघें दुकानांत शिरलीं. उंदराच्या कानांच्या आकाराची तांदळाच्या लाह्यांची वडी मुलीनें उचलली. मुलानें पाठ उलटून वाचलें, तिच्यांत प्राण्यांपासून काढलेलें जिलेटिन निघालें, ती परत गेली. शेवटीं साखरेच्या पाकांतल्या मक्याच्या लाह्यांच्या पिशव्या घेतल्या. नाताळच्या सुटींत मंडळी पुण्यास आलीं तेव्हां त्यांतली एक आमच्या हातीं देत मुलगा म्हणाला, ‘आजोबा, हा तुमचा खाडा.’ हा शब्द त्याला आईनें सांगितलेला दिसला. त्या रात्रीं पंगत बसली तेव्हां आम्हीं भाचीस मुलांबरोबर पहिल्या पंक्तीस बसविलें आणि आमटी आम्ही वाढली. मीठ कमी होतें. कोणी बोललें नाहीं.